नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी महिन्यातून एकदा मोबाइल शिकवायला जातो. गेल्या वेळी यूपीआय राहिलं बाजूला, विषय निघाला नॉमिनीचा. एक आजी म्हणाल्या, "एफडीला मुलाचं नाव लावलंय. निम्मे लेकीला द्यायचेत, ते तो बघेलच."

बघेलही. पण आजींच्या मनातलं कागदावर कुठेच नाही ना! बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते आणि मोकळी होते. ते पैसे कोणाचे, हे ठरतं मृत्युपत्रावरून, नाहीतर वारसा कायद्यावरून. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणजे लेकीचा हक्क आहेच, पण तो मागायला तिला भावाच्या दारात उभं राहावं लागेल.

मृत्युपत्र म्हटलं की लोकांना स्टॅम्प पेपर आठवतो. अहो, साध्या कागदावर चालतं! आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, बस. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. फक्त ज्याला वाटा मिळणार, त्यालाच साक्षीदार करू नका. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला टक्केवारीसह चार नॉमिनी लावता येतात.

घरी विषय काढणं मात्र अवघड. "तुमच्या पश्चात" म्हटलं की आमची आई उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणून मी आधी माझीच यादी बाबांपुढे ठेवली: पीएफ, टर्म इन्शुरन्स, डीमॅट. मग त्यांनी कपाटातून पोस्टाची पासबुकं काढली. एकावर अजून आजोबा नॉमिनी आहेत, जाऊन नऊ वर्षं झाली त्यांना. सोमवारी आम्ही दोघं पोस्टात चाललोय.