दोनदा हिरावलेली जमीन
(जुईनगर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आज आपण जिथे बसलो आहोत, तिथे साठ वर्षांपूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाडीची खाजणे होती. ती ज्यांच्या हातून गेली, त्या आगरी-कोळी कुटुंबांची नातवंडे या सभेत आहेत. म्हणून मोकळ्या जागांचा प्रश्न बोलताना सुरुवात झाडांपासून न करता जमिनीपासून करणे मला योग्य वाटते.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. योजनेमागील अर्थशास्त्र असे होते : शेतजमीन शासनाने घ्यावी, तिचा विकास करावा, विकासामुळे वाढलेली किंमत सट्टेबाजांच्या खिशात न जाता सार्वजनिक तिजोरीत यावी आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, शाळा व उद्याने उभी राहावीत. जमिनीची वाढती किंमत ही समाजाची निर्मिती आहे, तिच्यावर समाजाचाच हक्क आहे, असे हेन्री जॉर्जने १८७९ सालीच प्रतिपादन केले होते. समाजवाद्याने या तत्त्वाला विरोध करण्याचे कारण नव्हते, आजही नाही.

परंतु या तत्त्वाची किंमत कोणी मोजली? ती मोजली शेतकऱ्याने. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व शासनाने १९९० मध्ये मान्य केले, ते या बलिदानानंतर. शेतकऱ्याला त्या वेळी एकच कारण सांगितले गेले होते : ही जमीन सार्वजनिक कामासाठी हवी आहे.

आता या वचनाचे पुढे काय झाले ते पाहू. घणसोली येथे सुमारे २० एकर जमीन २००३ साली शासकीय क्रीडा संकुलासाठी राखली गेली. संकुल उभे राहिले नाही. २०१६ मध्ये त्या जमिनीचा काही भाग खासगी विकासकाला देण्यात आला आणि २०२१ मध्ये शासनाने संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात नेण्याचे ठरवले. म्हणजे घणसोलीच्या मुलाने खेळायला शंभर किलोमीटरहून दूर जावे! वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने हा निर्णय न्यायालयात नेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही शासनाची बाजू मान्य केली नाही. त्याआधी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने नेरुळजवळच्या पाणथळ जागेवर गोल्फचे मैदान व निवासी इमारती उभारण्याचा बेत रद्दबातल ठरवला होता. गोल्फचे मैदानही हिरवेच असते. पण त्याच्या फाटकातून माथाडी कामगाराचा मुलगा आत जाऊ शकत नाही.

शेतकऱ्याकडून सार्वजनिक कामाच्या नावाने घेतलेली जमीन जेव्हा खासगी नफ्यासाठी दिली जाते, तेव्हा ती दुसऱ्यांदा हिरावली जाते. पहिल्या वेळी ती कसणाऱ्याकडून गेली, दुसऱ्या वेळी इथे राहणाऱ्या सर्वांकडून.

हे का घडते? अधिकाऱ्यांच्या नीतिमत्तेवर सारे ढकलून भागणार नाही. या शहरात भूखंडाचा मालक सिडको आणि नागरी सोयींची जबाबदारी १९९२ साली स्थापन झालेल्या महापालिकेची. मालकाचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून, तर महापालिकेला मैदाने हवीत. २०२२ च्या प्रारूप विकास आराखड्यात सिडकोच्या भूखंडांवरील आरक्षणांवरून जो वाद झाला, त्याचे मूळ या रचनेतच आहे. त्यात हिशेबाची एक चूक भर घालते. भूखंड विकून आलेला पैसा उत्पन्नाच्या बाजूला दाखवला जातो. वस्तुतः ती भांडवलाची विक्री असते. बियाणे विकून आलेल्या पैशाला कोणता शेतकरी पीक म्हणेल?

आपल्यापैकी काही साथी म्हणतील की, हा उच्चमध्यमवर्गीयांचा छंद आहे. गरिबाला आधी घर हवे. आक्षेप गंभीर आहे. घरे हवीतच, आणि गावठाणात वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्नही न्यायाने सुटला पाहिजे. तो सोडून केवळ झाडांसाठी मोर्चा काढणारा माणूस या गावांचा विश्वास मिळवू शकणार नाही. पण लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला गेलेल्या भूखंडावर कोणत्या गरिबाचे घर उभे राहिले? सधनांना क्लब आहेत, लोणावळ्याला बंगले आहेत. एका खोलीत सहा माणसे राहतात त्या घराचे अंगण म्हणजे हेच मैदान. ते गेले की त्या घराला दुसरे अंगण विकत घेता येत नाही.

तेव्हा करायचे काय? न्यायालयाने दोनदा हात दिला; पण प्रत्येक भूखंडासाठी वकील उभा करणे आपल्याला परवडणार नाही. प्रत्येक प्रभागात कार्यकर्त्यांनी मैदाने, उद्याने, तलाव आणि सार्वजनिक मालकीच्या पडीक व लागवडीखालील जमिनींची यादी करावी : क्षेत्र किती, आरक्षण कशाचे, मालक कोण. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे आराखड्यात फेरबदल करायचा तर सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यांस मुदत असते अवघ्या एक महिन्याची. बहुतेक मैदाने या महिन्यातच जातात, कारण सूचना कोणी वाचलेली नसते. ती वाचणे, चौकात समजावून सांगणे, शेकडो हरकती दाखल करणे, हे काम नीरस आहे. पण पक्षाची शाखा असते ती याच कामासाठी.

आणि हे काम गावठाणातून सुरू करा. ज्यांनी जमीन दिली, त्यांना पहिल्या हरकतीवर सही करू द्या. सार्वजनिक कामासाठी जमीन दिली होती, ती सार्वजनिकच राहिली पाहिजे, असे सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.