यंत्रातले दप्तर



संगणकातल्या दप्तराचा विषय आम्ही सुचविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे असा रिवाज! पण ज्या हजेरीवर बोनस ठरतो ती आता बहुतेक ठिकाणी मस्टरबुकात नसते, यंत्रात असते. तेव्हा विषय आमचाच आहे.

आमच्या संघटनेतला एक फिटर निवृत्त झाला. फंडाच्या हिशेबात त्याची सहा वर्षांची नोकरी दिसेना. कारखान्याने मधल्या काळात संगणक बदलला होता. जुने दप्तर टेपांवर उतरवून ठेवले आहे, असे साहेबांनी सांगितले आणि कपाट उघडून टेपा दाखविल्याही. त्या एकाच कंपनीच्या मापाच्या होत्या, आणि त्या वाचणारे यंत्र भंगारात गेले होते. पन्नाशी उलटल्यावर आम्हाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले ते या कपाटामुळे.

टेपांच्या जगात पूर्वी ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. पुढे आयबीएम, ह्यूलेट-पॅकर्ड आणि सीगेट या तीन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एलटीओ नावाचे सामाईक प्रमाण ठरविले, आणि 2000 साली त्या प्रमाणाची पहिली यंत्रे बाजारात आली. पहिल्या टेपेत 100 गिगाबाइट मजकूर मावे; 2021 साली आलेल्या नवव्या पिढीच्या टेपेत 18 टेराबाइट मावतो, म्हणजे 180 पट. प्रमाण ठरल्याने गिऱ्हाईक एकाच दुकानाशी बांधले जात नाही, हा लाभ मोठा. मालक लोक एकमेकांशी करार करतात तेव्हा तो कामगारांच्या उपयोगी पडतो, असे क्वचित घडते. हे त्यातले एक. पण इथेही एक मेख आहे. आठव्या पिढीचे यंत्र सातव्या पिढीची टेप वाचते, सहाव्या पिढीची वाचत नाही. दप्तर वेळोवेळी नव्या टेपेवर उतरवून घेतले नाही, तर पुन्हा तेच कपाट आणि तेच साहेब!

दुसरा भ्रम ‘रेड’ पद्धतीचा. 1988 साली बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी असे मांडले की एका महागड्या तबकडीऐवजी अनेक स्वस्त तबकड्या एकत्र बांधाव्यात. त्यातली एक युक्ती आमच्या सभासदांना आम्ही अशी सांगतो : तीन आठवड्यांचा पगार तीन चिठ्ठ्यांवर लिहा आणि चौथीवर बेरीज. कोणतीही एक चिठ्ठी हरवली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा निघतो. सुरेख युक्ती आहे. मात्र कारकुनाने चुकून आकडाच खोडला, तर यंत्र इमानाने बेरीजही बदलते. तबकडी बिघडली तर रेड वाचवील. माणूस किंवा प्रोग्राम चुकला तर नाही.

फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलच्या जीमेलमध्ये काही लोकांची पत्रे दिसेनाशी झाली. एकेका पत्राच्या अनेक प्रती होत्या, पण प्रोग्रामातला दोष त्या प्रतींनाही बाधला. पत्रे परत आली ती टेपांवरून. टेप यंत्रापासून अलग असल्याने दोषाचा हात तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

आमच्या फिटरचे काय झाले? त्याच्या बायकोने पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर काम भागले. दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्यांवर मात्र पाणी सोडावे लागले.

पुढच्या करारात आम्ही एक कलम मागितले. वर्षातून एकदा, युनियन सांगेल त्या कामगाराची सांगेल त्या महिन्याची हजेरी राखीव टेपेवरून आमच्या प्रतिनिधीसमोर काढून दाखवावी. साहेब हसले. असले कलम कोणत्या करारात असते, म्हणाले. तिसऱ्या बैठकीत मान्य झाले. पहिल्या वर्षी ती एक हजेरी काढायला त्यांना दोन दिवस लागले. गेल्या वर्षी चाळीस मिनिटे लागली.