लोणी कोणाच्या वाट्याचे?



सरोजिनी नगरात वाढलेली चार मराठी माणसे एकत्र आली की बोलणे फिरून खाण्यावर येते आणि तेथून लोण्यावर. एकाला पॉलसनची चव अजून जिभेवर आहे असे वाटते. दुसरा अमूलपलीकडे काही मानायला तयार नसतो. तिसरा दोघांनाही गप्प करतो: आईने रवीने घुसळून काढलेल्या पांढऱ्या गोळ्यापुढे या पिवळ्या वड्यांची काय मातब्बरी? वाद गमतीचा असतो. पण ज्याला प्रत्येकजण ‘अस्सल’ म्हणतो ते मुळात काय होते, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

पॉलसनपासून आरंभ करावा. पेस्तनजी एदलजी या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याने आधी कॉफीचा धंदा केला आणि १९३० मध्ये गुजरातेत आणंद येथे दुग्धालय उभारले. त्याच्या लोण्याचे नाव असे गाजले की खुशामत करण्याला मराठीत ‘मस्का लावणे’ म्हणत त्याच्या जोडीला ‘पॉलसन लावणे’ हाही वाक्प्रचार रुळला. पुढे १९४५ मध्ये मुंबई सरकारने शहरासाठी दूध योजना सुरू केली. आणंदचे दूध पॉलसनमार्फत मुंबईस जाऊ लागले. दुधाचा भाव वाढला, पण शेतकऱ्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. सरदार पटेलांचा सल्ला आणि त्रिभुवनदास पटेल यांचे नेतृत्व यांतून शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ नोंदला गेला. अमूल तो हाच.

खरी मौज पुढेच आहे. अमूलने ताज्या मलईचे लोणी बाजारात आणले तेव्हा गिऱ्हाइकांनी नाक मुरडले. पॉलसनचे लोणी आंबलेल्या मलईचे, भरपूर मिठाचे. लोकांची जीभ त्यालाच सरावलेली. ताजे लोणी त्यांना बेचव लागले. डॉ. वर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत ही हकिकत सांगितली आहे. शेवटी मीठ वाढवावे लागले, आणि मलई आंबताना आपोआप तयार होणारे डायअ‍ॅसिटिल नावाचे द्रव्य वेगळे घालावे लागले. रंगाचीही तीच कथा. म्हशीच्या दुधाचे लोणी मुळात पांढरे, कारण चाऱ्यातील कॅरोटिनचे ती ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते. गायीच्या दुधात ते पिवळेपणासह उतरते. आजची ओळखीची पिवळी वडी पिवळी दिसते ती शेंदरीच्या बियांच्या रंगाने. म्हणजे जिला लोक दर्जा म्हणत होते ती सवय होती, आणि ज्यांनी ताजे दिले त्यांनाच शिळ्याची नक्कल करावी लागली.

घरच्या पांढऱ्या लोण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. विरजलेल्या सायीला जो गोड-आंबूस वास येतो, त्यातही हेच डायअ‍ॅसिटिल असते. पॉलसनचा डबा आणि आईचे मडके यांत नाकाला वाटते तितके अंतर नव्हते.

अंतर होते ते कष्टांचे. सरोजिनी नगरचे पूर्वीचे नाव विनय नगर. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या या वसाहतीत महाराष्ट्रातून आलेल्या कारकुनांचे आणि लेखापालांचे संसार दोन-दोन खोल्यांत मांडले गेले. सामानातून रवी आली, तिच्याबरोबर साय धरण्याची रीतही आली. रोज दूध तापवावे, निवले की साय काढावी, विरजणाच्या भांड्यात टाकावी, आठवडाभराने घुसळावी. पुण्यात किंवा साताऱ्यात हे जितके सरळ, तितके दिल्लीत नव्हते. जानेवारीत स्निग्धांश इतका कडक होई की तासभर रवी फिरवूनही लोणी धरत नसे; मग थोडे कोमट पाणी घालावे लागे. मे महिन्यात उलटे. लोणी गोळा होण्याऐवजी पातळ होऊन ताकातच राही. त्यासाठी पहाटे उठावे, माठातले पाणी वापरावे, जमल्यास बर्फ आणावा. पाणी कधी घालायचे आणि किती, हे बायकांना रवीच्या आवाजावरून कळे. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात आले नाही.

आणि एवढे करून निघालेले लोणी खात कोण होते? बहुतेक घरांत ते लोणी म्हणून फारसे खाल्लेच जात नसे. ते कढईत जाई, विड्याचे पान टाकून कढवले जाई, आणि साजूक तूप म्हणून बरणीत बंद होई. ते तूप वरणभातावर चमच्याने मोजून, पाहुण्याच्या पानात जरा सढळ हाताने वाढले जाई. कढईच्या बुडाची बेरी साखर घालून मुलांना मिळे. कढवण्यापूर्वी सुपारीएवढा गोळा थालीपिठावर पडला तर तो मुलाच्या. मुलीच्या वाट्याला तो पुष्कळदा त्याहूनही लहान येई. घुसळणारीच्या पानात ताक. पन्नाशी-साठी ओलांडलेले माजी विद्यार्थी ज्या लोण्याची आठवण डोळे मिटून सांगतात, ते त्यांच्या आईने क्वचितच चाखले असेल. शेजारच्या पंजाबी घरी पांढरे मक्खन पराठ्यावर सर्वांदेखत वाढले जाई, हे पाहून मराठी मुले चकित होत. लोणी थेट पोटभर खाण्याचीही वस्तू आहे, हा शोध अनेकांना तिथे लागला.

१९५९ मध्ये दिल्ली दुग्ध योजना सुरू झाली आणि वसाहतींतून डी.एम.एस.चे बूथ उघडले. १९७४ मध्ये मदर डेअरी आली. शहराला पुरेल इतके आणि परवडेल असे दूध द्यायचे, तर त्यातील स्निग्धांश कमी करणे भाग होते. म्हशीच्या दुधात स्किम दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून टोन्ड दूध करण्याची कल्पना मुंबईत डी. एन. खुरोदी यांनी रुजवली होती, आणि ती न्याय्यच होती. तिच्यामुळे कमी मिळकतीच्या घरांतील मुलांच्या पेल्यात दूध आले. पण टोन्ड दुधात शेकडा ३ इतकाच स्निग्धांश, डबल टोन्डमध्ये दीड. त्यावर कसली साय धरणार? आठवड्याचे घुसळण मागे पडले, रवी माळ्यावर गेली, लोण्याची वडी दुकानातून येऊ लागली. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यात ज्यांनी स्वतः रवी ओढली अशा बायका मात्र फारशा आढळत नाहीत, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

सरोजिनी नगरच्या पुनर्विकासाला २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जुन्या क्वार्टर्सच्या जागी उंच इमारती येत आहेत. ज्या ओट्यावर मडके टेकवून घुसळण होई तो ओटाही त्यांच्याबरोबर गेला. तरी जन्माष्टमी जवळ आली की काही घरांतील फ्रिजमध्ये फुल क्रीम दुधाची साय अजून साठते. त्या दुधात लिटरमागे सुमारे ६० ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणून आठवडाभरात बऱ्यापैकी भांडे भरते. सायीला विरजण लावावे, रात्रभर ठेवावे, मिक्सरमध्ये बर्फाचे दोन खडे टाकून थांबत थांबत फिरवावे; काही मिनिटांत गोळा वर तरंगतो. तो गार पाण्याने दोनदा धुवावा, म्हणजे आंबटपणा उतरतो. पालकांनी हे मुलांकडून करून घ्यावे, आणि मुलग्यांकडून आधी. नैवेद्य झाला की पहिला गोळा घरातील आजीच्या पानात वाढावा. ती बहुधा ताकच मागेल.