परिचारिका टिकतील कशा?



आपल्या जेऊरची मुलगी नर्सिंगला लागली की आपण पेढे वाटतो. पुढे ती नोकरीत टिकली का, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्ही बँकेच्या खिडकीत बसणारी माणसे. कर्ज काढून शिकलेल्या मुलींची पासबुके आमच्या हातात येतात. हप्ता कायम असतो; नोकरी मात्र कंत्राटी असते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की सर्वसाधारण रुग्णालयात 5 खाटांमागे 1 परिचारिका हवी. जागा रिकाम्या राहिल्या की एकाच सिस्टरवर अख्खा वॉर्ड पडतो. ती थकून सोडून जाते आणि मागे राहिलेल्यांचे ओझे वाढते. मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका खाजगी कंपनीमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्या याच काळजीने. खाजगी दवाखान्यांसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर केंद्राच्या समितीने दरमहा किमान 20 हजार रुपये पगाराची शिफारस केली. पासबुकात तो आकडा आम्हाला क्वचितच दिसतो.

पुरेसा पगार, कायम नेमणूक आणि रात्रपाळीला सुरक्षित निवारा मिळाला तर परिचारिका टिकतील. बाबासाहेबांनी शिकण्याबरोबर संघटित होण्यासही सांगितले आहे. म्हणून मुलींनो, नेमणूकपत्र वाचल्याशिवाय सही करू नका आणि संघटनेत सामील व्हा. संस्थेनेही पेढ्यांवर न थांबता नेमणूकपत्र समजावून देणारी दोन जाणती माणसे नेमावीत, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो. जयभीम!