मराठीत ‘सेल्फ’ कुठं जातो?



इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकात एक छोटा तक्ता असतो. डावीकडे मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हर्सेल्फ वगैरे आणि उजवीकडे मी स्वतः, तू स्वतः, तो स्वतः, ती स्वतः. तक्ता पाठ होतो, गुणही मिळतात. पुढं इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र तोच तक्ता नडतो, कारण त्याची उजवी बाजू पुष्कळदा लागूच पडत नाही.

इंग्रज यजमान पाहुण्याला म्हणतो, “प्लीज हेल्प युअरसेल्फ.” आपल्याकडे म्हणतात, “वाढून घ्या हं, लाजू नका.” ह्यात ‘स्वतः’ कुठं आहे? कुठंच नाही. पण सेल्फचं काम झालेलं आहे आणि ते ‘घ्या’नं केलं आहे. नुसतं ‘वाढा’ म्हटलं तर ते दुसऱ्याच्या ताटात. ‘वाढून घ्या’ म्हटलं की आपल्या. “मेक युअरसेल्फ अ कप ऑफ टी” म्हणजे “चहा करून घे”. शिकून घेणं, लिहून घेणं, आवरून घेणं. क्रियेचं फळ कर्त्याकडे वळतं हे सांगायला मराठीनं क्रियापदालाच कामाला लावलं आहे. इंग्रजीत अशी सोय नाही, म्हणून तिथं सर्वनाम धावून येतं. माझं म्हणणं एवढंच की हिमसेल्फ दिसलं की ‘स्वतः’ शोधू नये. शेजारचं क्रियापद पाहावं.

काही इंग्रजी क्रियापदं तर सेल्फशिवाय बाहेरच पडत नाहीत. अभिमान वाटतो म्हणताना “ही प्राइड्स हिमसेल्फ ऑन हिज कुकिंग.” गैरहजर राहिला म्हणताना “ही अब्सेंटेड हिमसेल्फ.” सवलतीचा लाभ घेतला म्हणताना “शी अवेल्ड हर्सेल्फ ऑफ द ऑफर.” आपल्याकडच्या बँका आणि कचेऱ्यांनी ह्यातलं हर्सेल्फ आणि ऑफ दोन्ही गाळून “अवेल द फॅसिलिटी” रूढ केलं आहे. भारतीय इंग्रजीत ते इतकं मुरलंय की त्याच्याशी भांडण्यात मला अर्थ वाटत नाही. लंडनला अर्ज पाठवताना लक्षात ठेवलं म्हणजे झालं. ‘एन्जॉय’चंही तसंच. “वी एन्जॉइड अ लॉट” असं आपण सहलीहून आल्यावर म्हणतो. इंग्रज विचारेल, काय एन्जॉय केलंत? त्याला तिथं कर्म हवं असतं. दुसरं काही नसेल तर निदान अवरसेल्व्ज.

ह्याच्या उलट, जिथं सेल्फ नको तिथं आपण तो घालतो. “आय फील मायसेल्फ टायर्ड” चूक, “आय फील टायर्ड” पुरे. दाढी करणं, कपडे घालणं ह्या रोजच्या गोष्टींतही तो सहसा नसतो. “ही शेव्ड” म्हणजे दाढी केली, अर्थात स्वतःची. पण हाताचं प्लॅस्टर काल निघालेल्या माणसाबद्दल बोलताना “ही कॅन शेव्ह हिमसेल्फ नाउ” असं म्हणतात. तिथं हिमसेल्फमध्ये ‘आता दुसऱ्याची मदत लागत नाही’ हे सगळं आलं.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रकार. “ही शाउटेड हिमसेल्फ होर्स.” इथं होर्स म्हणजे घोडा नव्हे हं; घसा बसलेला. शब्दशः पाहिलं तर वाक्य वेडगळ आहे. ओरडणं ही काही कुणाला ‘करायची’ गोष्ट नाही, शाउट ह्या क्रियापदाला माणूस हे कर्म चालत नाही, मग त्यानं स्वतःला ओरडलं म्हणजे काय? गंमत अशी की इंग्रजीला परिणाम सांगायचा आहे, आणि तो कुणावर झाला हे दाखवायला वाक्यात एक जागा हवी आहे. ती जागा भरायला हिमसेल्फ आणून बसवला. तो काढून टाकला तर “ही शाउटेड होर्स” उरतं, आणि ते वाक्यच होत नाही. “शी क्राइड हर्सेल्फ टु स्लीप” तसंच. “ही ड्रँक हिमसेल्फ टु डेथ” तसंच.

मराठीत हेच कसं येतं? ओरडून ओरडून घसा बसला. रडून रडून झोपली. दारू पिऊन पिऊन मेला. इंग्रजीनं जिथं सर्वनाम बसवलं तिथं आपण धातुसाधिताची द्विरुक्ती केली. एका भाषेनं परिणाम भोगणाऱ्याकडे बोट दाखवलं, दुसरीनं क्रिया किती वेळ चालली ते कानावर घातलं. अनुवादाच्या उत्साहात कुणी “तिनं स्वतःला झोपेपर्यंत रडवलं” असं लिहितं तेव्हा वाचणाऱ्याला रडू येतं, पण वेगळ्या कारणानं.

क्रियाविशेषणांकडे येऊ. ‘बाय’ लावला की सेल्फ सर्वनामपण सोडून क्रियाविशेषणाचं काम करू लागतो. “शी लिव्ह्ज बाय हर्सेल्फ” म्हणजे एकटी राहते. “शी रिपेअर्ड द फॅन बाय हर्सेल्फ” म्हणजे कुणाची मदत न घेता दुरुस्त केला. “द डोअर ओपन्ड बाय इटसेल्फ” म्हणजे दार आपोआप उघडलं. ह्या तिन्हींसाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत. शिवाय ‘आपणहून’ आणि ‘आपसूक’ उरतातच. इथं आपण श्रीमंत आहोत, हे कबूल करायला हरकत नाही.

मग जागेचा प्रश्न. “तिनं पटकन स्वतःला सावरलं” आणि “तिनं स्वतःला पटकन सावरलं”, मराठीला दोन्ही चालतात. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म ह्यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसलेलं खपत नाही. “शी वॉश्ड हर्सेल्फ क्विकली” म्हणा किंवा “शी क्विकली वॉश्ड हर्सेल्फ” म्हणा. “वॉश्ड क्विकली हर्सेल्फ” मात्र नाही. जोर देणारा सेल्फ तेवढा हिंडूफिरू शकतो, आणि जागेबरोबर छटाही बदलते. “द मिनिस्टर हिमसेल्फ ओपन्ड द गेट” म्हणजे खुद्द मंत्र्यांनी फाटक उघडलं. “द मिनिस्टर ओपन्ड द गेट हिमसेल्फ” म्हणजे मंत्र्यांनी आपल्या हातानं उघडलं, शिपायाची वाट पाहिली नाही.

एक सापळा मात्र खरोखर अवघड आहे. “रामला वाटलं की शामनं आपल्याला फसवलं.” फसलं कोण? राम. आता हेच इंग्रजीत “राम थॉट दॅट शाम हॅड डिसीव्ह्ड हिमसेल्फ” असं केलंत, तर शामनं स्वतःचीच फसवणूक केली असा अर्थ होतो. इंग्रजी हिमसेल्फ आपल्याच उपवाक्यातल्या कर्त्याला धरून बसतो. मराठी ‘आपण’ उपवाक्याचं कुंपण ओलांडून मुख्य वाक्यातल्या रामापर्यंत पोचतो. आपला ‘स्वतः’ बहुतेक वेळा हिमसेल्फसारखाच जवळचा कर्ता धरतो. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1981 च्या ग्रंथात सर्वनामांच्या बंधनाचे नियम मांडले, आणि त्यानंतरच्या चर्चेत मराठीचा हा लांब हाताचा ‘आपण’ जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना हाताळावा लागला. भाषाशास्त्रज्ञ काशी वाली यांनी तर मराठीतल्या ह्या सर्वनामांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आपण मात्र शाळेत त्याला ‘आत्मवाचक सर्वनाम’ एवढं नाव देऊन पुढचा धडा उघडला.

आणि सेल्फ असायलाच हवा असं वाटतं तिथं तो नसतो, हेही आहेच. “क्लोज द डोअर बिहाइंड यू.” “शी हॅड नो मनी ऑन हर.” मागे, जवळ, आजूबाजूला अशी नुसती जागा सांगायची असेल तर इंग्रजीला बहुधा साधं सर्वनाम पुरतं.

राहता राहिलं आपलं लाडकं “मायसेल्फ सुनील”. मुलाखतीला बसलेले साहेब ह्यावर हसतात. व्याकरणाचा आक्षेप खरा आहे: मायसेल्फला पुढं कुणी ‘आय’ लागतो, एकट्यानं तो कर्ता होत नाही. पण आयर्लंडमध्ये बोलीभाषेत हिमसेल्फ बिनदिक्कत कर्ता होतो, आणि अर्थ असतो घरचा मालक, कारभारी. दारात आलेला माणूस विचारतो, “इज हिमसेल्फ ॲट होम?” आतून बाई सांगते की हिमसेल्फ बाहेर गेलाय. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाक्य कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती. त्या म्हणायच्या, “हे घरी नाहीत.”