मिठागरांवरचा कर

डोंबिवली-ठाण्याहून लोकलने मुंबईला जाताना मुलुंडनंतर पूर्वेला मिठागरं दिसतात. याच मिठावर एक साम्राज्य पोसलं जात होतं.

१८३७मध्ये कंपनी सरकारनं मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसवला. १८४४मध्ये तो एकदम एक रुपया झाला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. गांधीजींच्या दांडीयात्रेच्या तब्बल ८६ वर्षं आधीची ही गोष्ट शाळेत फारशी सांगितली जात नाही, याचं वाईट वाटतं.

मीठ पिकवायचा ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला आगरी समाजाचा माणूस. भरतीचं पाणी बांधात घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, मग रापलेल्या पायांनी खडे गोळा करायचे. पण १८९०च्या मीठ कायद्यानं परवान्याशिवाय मीठ बनवणं हा गुन्हा ठरवला. ऊन आपलं, पाणी खाडीचं, घाम आगऱ्याचा आणि कर मात्र मिठाच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट! याहून उघड अन्याय कोणता?

म्हणूनच एप्रिल १९३०मध्ये, दांडीयात्रेनंतर, मिठाच्या सत्याग्रहाची ठिणगी इथंही लगेच पेटली. विलेपार्ल्याच्या सत्याग्रह छावणीत जमनालाल बजाज पुढे होते. चौपाटीवर अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी कायदा मोडला. पुढं वडाळ्याच्या आगरांवर हजारो माणसं चालून गेली, लाठ्या खाल्ल्या. कोकणात शिरोड्यालाही सत्याग्रह झाला.

१९३१च्या गांधी-आयर्विन करारानं किनाऱ्यालगतच्या गावांना घरापुरतं मीठ बनवायची मुभा मिळाली. कर मात्र रद्द झाला तो १९४७मध्येच.