हे वारली वाटत नाही!

वारली चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफून नाचणारी त्रिकोणी अंगाची माणसं. कुर्त्यावर, कपावर, शाळेच्या कुंपणावर आपण ती कितीदा पाहिली, गणती नाही.

एका प्रदर्शनात मी वारली लग्नचौकाच्या चित्रासमोर उभी होते. शेजारच्या बाई मुलीला म्हणाल्या, "हे काही वारली वाटत नाही गं." मला ते लागलं. कारण चौक हे तर या कलेचं माहेर! लग्नघरात गेरूच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं तो काढतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. मधोमध पालघट देवी, तिच्याभोवती चौकटीत चौकट, बारीक नक्षीच्या पट्ट्या इतक्या दाट की बोट ठेवायला जागा नाही.

पण बाईंचं तरी काय चुकलं? पक्षी म्हटल्यावर आपल्याला चिमणी आठवते, शहामृग नाही. एलेनॉर रॉश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात हेच प्रयोगांतून दाखवलं: माणूस व्याख्या लावून पाहत नाही, मनातल्या नमुन्याशी जुळवून पाहतो. चित्रांचंही तसंच. जे वारंवार दिसलं, ते 'अस्सल' ठरतं. तारपानाच वारल्यांचाच, त्यात शंका नाही. पण तो आपल्यापर्यंत पोचला छापून छापून, आणि चौक राहिला लग्नघराच्या भिंतीवर.

ती भिंत सोडून हे चित्र कागदावर आलं तेच मुळी १९७०च्या सुमारास. चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन वारल्यांच्या पाड्यांवर गेले. तोवर चित्रं काढायच्या बायका, तीही लग्नाकार्यात. जिव्या सोमा मशे मात्र पुरुष असूनही रोज काढू लागले. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीचं चित्र मिळालं तर जरूर पाहा. जाळंच जवळजवळ सगळी जागा व्यापतं. माणूस कोपऱ्यात, एवढासा. नाच नाही, तारपा नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खरं सांगते, माझ्याही मनात त्या बाईंचंच वाक्य आलं होतं.

मग मी चौक पाहत गेले, मशे यांची चित्रं पाहत गेले. बांबूच्या काडीनं ओढलेली रेघ कुठे जाड होते, कुठे तुटते, ते कळू लागलं. आता पडद्यावर छापलेला तारपानाच दिसला, की त्यातल्या सगळ्या माणसांच्या कमरा एकाच जाडीच्या आहेत, हेच आधी नजरेत भरतं.